बस फुकट केली तरी स्कूटर का सुटत नाही?

वाचकांचे प्रश्न : इंदूर शहराची वाहतूक

प्रश्न : मुलगा रोज राजेंद्रनगरहून विजयनगरला स्कूटरने ऑफिसला जातो. पेट्रोलपेक्षा सिटी बसचं तिकीट स्वस्त, तरी बसचं नाव काढत नाही. हा आळसच ना? (एक वाचक, राजेंद्रनगर)

आळस नाही, हिशेब आहे. तो मनातल्या मनात करतो, आपण कागदावर करू. अंतर 12 किलोमीटर धरा. स्कूटर गर्दीत लिटरला 45 किलोमीटर देते आणि पेट्रोल लिटरला 107 रुपये धरलं, तर जाण्याचे साधारण 28 रुपये. वेळ 35 मिनिटं, शिवाय गाडी लावायला 3. स्कूटरचा हप्ता यात धरायचा नाही, कारण बसने गेलं तरी तो भरावाच लागतो.

बसचं तिकीट 20 रुपये धरू. दोन्ही टोकांना मिळून 13 मिनिटं चालणं, 12 मिनिटं वाट पाहणं, 45 मिनिटं बसमध्ये. आता वेळेची किंमत. वाहतुकीच्या अभ्यासात प्रवासाच्या एका तासाला माणसाच्या तासाभराच्या कमाईच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत किंमत लावतात. महिन्याला 30,000 रुपये आणि 200 तास काम असेल तर तासाची कमाई 150 रुपये. त्यातले 60 धरले की मिनिटाला 1 रुपया. मात्र सगळी मिनिटं सारखी नसतात. मे महिन्याच्या उन्हात, बस येते की नाही या धाकधुकीत उभं राहिलेलं मिनिट बसमध्ये बसलेल्या मिनिटाच्या जवळपास दुप्पट जड जातं. चालण्याचंही थोडंफार तसंच.

स्कूटर : 28 अधिक 38, एकूण 66. बस : तिकिटाचे 20, बसमधले 45, चालण्याचे 26 आणि थांबण्याचे 24, एकूण 115. तिकीट माफ केलं तरी 95 उरतातच. आता तिकीट तेच ठेवा, पण थांबणं 12 वरून 5 मिनिटांवर आणा आणि बसमधली 12 मिनिटं वाचवा. बस 89 वर येते, म्हणजे फुकट बसपेक्षाही स्वस्त पडते. वर विजयनगरला गाडी लावायचे एका फेरीमागे 20 रुपये पडले, तर स्कूटर 86 वर जाते. इथे काटा मध्यावर येतो आणि त्या मार्गावरचे साधारण निम्मे लोक बसकडे वळण्याची शक्यता तयार होते. सगळे कधीच वळत नाहीत, कारण कुणाला वाटेत मुलाला क्लासला सोडायचं असतं, कुणाला भाजी घ्यायची असते.

हा हिशेब पुस्तकी वाटत असेल तर एक दाखला. अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी 1970 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या नव्या रेल्वेला कामावर जाण्याच्या प्रवासात 6.3 टक्के वाटा मिळेल असं याच पद्धतीने वर्तवलं. सरकारी अंदाज 15 टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात निघाले 6.2. पुढे 2000 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रश्न : भाडं 10 टक्के वाढवलं की उत्पन्नही 10 टक्के वाढेल ना? (एक वाचक, लोकमान्यनगर)

नाही. ब्रिटनमधल्या अनुभवांचा 2004 साली मोठा आढावा झाला. त्यात बसचं भाडं 10 टक्के वाढलं की सुरुवातीला प्रवासी सुमारे 4 टक्के घटतात, पण काही वर्षांत ही घट 10 टक्क्यांपर्यंत जाते, असं दिसलं. 10 रुपयांच्या भाड्याने 1,000 जण जात होते. 11 रुपये केल्यावर आधी 960 उरतात, उत्पन्न 10,560. नंतर 900 उरतात, उत्पन्न 9,900. पहिल्या वर्षीचा नफा बघून पाठ थोपटून घेणारे इथेच फसतात. लोक लगेच सोडत नाहीत. नवी स्कूटर घेताना, नोकरी किंवा घर बदलताना सोडतात.

इंदुरात जवळच्या फेऱ्यांना ई-रिक्षा हाताशी आहे, त्यामुळे कमीत कमी तिकिटाला फार जपून हात लावावा. 5 चे 10 केले तर ती वाढ 100 टक्क्यांची होते. दिल्ली मेट्रोने ऑक्टोबर 2017 मध्ये भाडं वाढवल्यावर रोजचे सुमारे 3 लाख प्रवासी कमी झाले. दिवाळीही त्याच महिन्यात होती, तेव्हा सगळं खापर भाड्यावर फोडता येत नाही.

प्रश्न : मेट्रो पहिल्या आठवड्यात खच्चून भरली होती, मग रिकामी का पडली?

तो आठवडा फुकट होता आणि लोक मेट्रो बघायला आले होते, कुठे जायला नव्हे. 31 मे 2025 ला सुरू झालेला गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर हा टप्पा जेमतेम 6 किलोमीटरचा, स्थानकं 5. पाच स्थानकांत 'इथून तिथे' जाण्याच्या फक्त 10 जोड्या जमतात. 28 स्थानकं सुरू झाली की 378 जोड्या होतील. शिवाय 6 किलोमीटरसाठी जिना चढणं, तपासणी आणि फलाटावरचं थांबणं यातच वाचलेला वेळ जातो. राजवाडा आणि रेल्वे स्टेशनकडे गाडी पोचेपर्यंत या आकड्यांवरून मेट्रोला नापास ठरवू नये, आणि पहिल्या आठवड्यावरून पासही.

प्रश्न : आमच्या स्टॉपवर बस वेळेवर येत नाही. अर्ज करायचा आहे. त्यात काय लिहावं? (सुदामानगरच्या रहिवासी)

तक्रारीसोबत आकडे द्या. मंगळवार ते गुरुवार असे तीन दिवस निवडा. सुट्टी, परीक्षा आणि रंगपंचमीच्या गेरीचा (रंगांच्या मिरवणुकीचा) आठवडा टाळा. सकाळी 8 ते 10 एक जण वही घेऊन उभा राहील. प्रत्येक बसची येण्याची वेळ, किती चढले, किती जण जागा नाही म्हणून मागे राहिले, एवढंच लिहा. फोनचं घड्याळ वापरा, अंदाजे वेळ नको.

मग दोन बसमधली अंतरं काढा. समजा ती 4, 26, 5 आणि 25 मिनिटं आली. सरासरी 15, म्हणून कार्यालय म्हणेल की लोक साडेसात मिनिटं थांबतात. ते खरं नाही, कारण मोठ्या अंतरात जास्त माणसं अडकतात. प्रत्येक अंतराचा वर्ग करून बेरीज घ्या (1342) आणि तिला एकूण मिनिटांच्या दुपटीने (120) भागा. उत्तर 11 मिनिटांच्या वर येतं. बसची संख्या तीच, पण थांबणं जवळपास दीडपट.

दोन बस जोडीने येण्याचं कारण साधं आहे. उशीर झालेल्या बसला प्रत्येक स्टॉपवर जास्त गर्दी मिळते, चढण्या-उतरण्यात ती आणखी मागे पडते, आणि मागची रिकामी बस तिला गाठते. म्हणून अर्जात आधी 'बस वाढवा' असं लिहू नका. मधल्या एखाद्या ठिकाणी, उदाहरणार्थ गीता भवनला, मागून फार लवकर आलेली बस दोन-तीन मिनिटं रोखून धरावी, अशी मागणी करा. त्याला नवी गाडी लागत नाही.

बस वाढवायच्याच असतील तर गणित असं : पूर्ण फेरीला विश्रांतीसकट 120 मिनिटं लागत असतील आणि दर 15 मिनिटांनी बस हवी असेल तर 8 गाड्या लागतात, दर 10 मिनिटांनी हवी तर 12. फेरी लांबली की हे बिघडतं. एबी रोडवर 2013 पासून बसला वेगळी मार्गिका होती, ती काढायला फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली. गर्दीत मिसळल्यावर 120 ची फेरी 144 मिनिटांची झाली, असं धरा. त्याच 8 गाड्यांत बस 18 मिनिटांनी येईल. वेग गेला की प्रवासी दोनदा वेळ घालवतो, एकदा बसमध्ये आणि एकदा स्टॉपवर. म्हणून अर्जाला वहीच्या पानांच्या प्रती जोडा आणि फेरीला पूर्वी किती मिनिटं लागायची, आता किती लागतात, हे कार्यालयाला लेखी विचारा.