सही झाली, तरी करार का अडला?

प्रश्न: बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चार देशांनी २०१५ मध्ये एकमेकांच्या वाहनांना सीमेपलीकडे जाऊ देणाऱ्या मोटार वाहन करारावर सह्या केल्या. पुढे भूतानने माघार घेतल्याचे वाचले. सही केल्यावर शब्द फिरवता येतो का? आणि इतके जवळचे संबंध असताना भारताने आपले वजन का वापरले नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर: भूतानने शब्द फिरवला असे म्हणणे त्या देशावर अन्याय करणारे होईल. १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे चारही देशांच्या वाहतूकमंत्र्यांनी सह्या केल्या. भारताच्या वतीने नितीन गडकरी यांनी. मात्र अशी सही सरकारची असते. भारतात करारांना मंत्रिमंडळाची मंजुरी पुरते, तर भूतानच्या २००८ च्या राज्यघटनेनुसार आंतरराष्ट्रीय कराराला संसदेचे अनुमोदन मिळाल्यावरच तो देशाचा कायदा ठरतो. कनिष्ठ सभागृहाने या कराराला संमती दिली, पण नोव्हेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय परिषदेने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, तो फेटाळला.

परिषदेपुढचे आक्षेप हलके नव्हते. ज्या देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत आहे आणि ज्याच्या राज्यघटनेनेच ६० टक्के भूभाग कायम वनाच्छादित ठेवण्याचे बंधन घातले आहे, त्याच्या अरुंद घाटरस्त्यांवर शेजाऱ्यांचे ट्रक किती येणार, धूर किती होणार आणि स्थानिक ट्रकमालकांच्या पोटावर पाय येणार का, हे प्रश्न तिथल्या लोकप्रतिनिधींनी विचारायलाच हवे होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मुत्सद्देगिरीची खरी कसोटी इथेच होती, आणि माझ्या मते भारत तीत उतरला. ज्या लोकशाहीची घटना जेमतेम आठ वर्षांची होती, तिच्या सभागृहावर बाहेरून दबाव आणला असता तर करार कदाचित पदरात पडला असता, पण भूतानी जनतेच्या मनात कायमची अढी बसली असती. एप्रिल २०१७ मध्ये भूताननेच इतर तिघांना आपल्याशिवाय पुढे जाण्यास सांगितले आणि आपले अंतर्गत सोपस्कार पूर्ण होताच सामील होण्याचा मार्ग खुला ठेवला. वास्तविक हा करारही अशाच अडथळ्यातून जन्मला होता: नोव्हेंबर २०१४ च्या काठमांडू परिषदेत पाकिस्तानच्या आडकाठीमुळे सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेचा मोटार वाहन करार बारगळला, तेव्हा चौघांनी वेगळी वाट धरली.

त्यामुळे आज सगळा दोष भूतानच्या माथी मारणे मला पटत नाही. उरलेल्या तिघांचे अनुमोदन झाले, मार्च २०२२ मध्ये नवी दिल्लीत अंमलबजावणीच्या सामंजस्य कराराचा मसुदाही ठरला, पण त्यापुढचे काम रेंगाळले. करार मान्य होणे आणि परवाना कोणी द्यावा, विमा कोणता चालावा, शुल्क किती घ्यावे हे नियमावलीत उतरणे यांत मोठे अंतर असते, आणि गाडे अडते ते बहुतेकदा याच तपशिलांवर.

या विलंबाची किंमत पाहायची असेल तर पश्चिम बंगाल आणि बांगलादेश यांच्यामधील पेट्रापोल–बेनापोल सीमेवर जावे. भारतीय ट्रक कित्येक तास, कधी कित्येक दिवस रांगेत उभा राहतो, पलीकडच्या आवारात हमाल पोती पाठीवर घेऊन उतरवतात, तीच पोती पुन्हा बांगलादेशी ट्रकमध्ये चढवली जातात, आणि चालक रिकामी गाडी घेऊन परततो. नोव्हेंबर २०१५ मध्ये कोलकाता ते आगरताळा मालवाहतुकीची चाचणी ढाक्यामार्गे झाली होती. बांगलादेशाला वळसा घालून सिलिगुडीवरून जाणाऱ्या रस्त्यापेक्षा हा मार्ग सुमारे हजार किलोमीटरने कमी आहे.