नाट्यविभागाची धुरा: वाचकांचे दोन प्रश्न

प्रश्न: एका विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात मी बरीच वर्षे शिकवत आहे. आमच्याकडे विभागप्रमुखपद दर तीन वर्षांनी फिरते आणि येत्या जुलैत ते माझ्याकडे येईल. नाटके बसवण्याचा अनुभव गाठीशी आहे, विभाग चालवण्याचा मात्र अजिबात नाही. एखादा प्रशिक्षणवर्ग करावा, की ज्येष्ठांचा सल्ला घेत पुढे जावे?

उत्तर: दोन्ही करावे, मात्र प्रशिक्षणवर्गाकडून सगळे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. महाविद्यालये-विद्यापीठांतील शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा 'मालवीय मिशन' हा कार्यक्रम 2023 मध्ये सुरू झाला, त्याच्या आठ विषयांपैकी एक शैक्षणिक नेतृत्व, प्रशासन आणि व्यवस्थापन हा आहे. त्याआधी 2018 मध्ये केंद्र सरकारने प्राध्यापकांसाठी 'लीप' हा नेतृत्व कार्यक्रम आणला होता. अशा वर्गांतून अंदाजपत्रक, मूल्यांकन, विद्यापीठाचे कायदेकानू यांची ओळख होते आणि ती आपल्याला लागणारच आहे. परंतु रसायनशास्त्राचे, वाणिज्याचे आणि नाटकाचे विभागप्रमुख एकाच वर्गात बसलेले असताना तालमीच्या दालनातले प्रश्न तिथे चर्चेला येणे अवघडच असते. अमेरिकेत उच्च शिक्षणातील नाट्यअध्यापकांची 1986 मध्ये स्थापन झालेली एक संघटना आपल्या वार्षिक परिषदेला जोडून नेतृत्वाचे स्वतंत्र प्रशिक्षण देते, ते याच कारणाने. आपल्याकडे तशी सोय होईपर्यंत काही गोष्टी स्वतःच शिकून घ्याव्या लागतील.

पहिली गोष्ट पैशांची. नेपथ्यासाठी लाकूड, वेशभूषेसाठी कापड, भाड्याने आणलेले प्रकाशदिवे यांतला निम्मा खर्च ऐन वेळी उभा राहतो आणि विद्यापीठाचा लेखा विभाग मात्र दरपत्रके, खरेदी आदेश आणि पक्की पावती मागतो. जुन्या बाजारातून घेतलेल्या शेरवानीची पावती कोण देणार? म्हणून सत्राच्या आरंभीच लेखाधिकाऱ्यांना भेटावे, तसलमात, म्हणजे खर्चासाठीची आगाऊ रक्कम, कोणाच्या नावे उचलायची आणि तिचा हिशेब किती दिवसांत द्यायचा हे ठरवून घ्यावे, आणि शक्य झाल्यास त्यांना एक तालीम पाहायला बोलवावे. मार्चअखेरीस होणारे वाद यामुळे पुष्कळ कमी होतात.

दुसरी गोष्ट परवानग्यांची, आणि इथे आपली बरीच मंडळी बेसावध असतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमांचा भाग म्हणून शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयोगाला सूट देते, पण प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित व्यक्ती एवढेच असतील तर. तेच नाटक बाहेरच्या नाट्यगृहात तिकीट लावून केले की लेखकाची किंवा वारसांची परवानगी घेणे ओघाने आलेच, कारण लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे हा हक्क टिकतो. शिवाय महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. संहितेच्या निवडीच्या बैठकीतच हे कागद कोण करणार ते नेमून द्यावे.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. तालीम रात्री उशिरापर्यंत चालते, अंगाला अंग लागणारे प्रसंग बसवले जातात आणि भूमिका देण्याचे अधिकार एका शिक्षकाच्या हाती असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असते, परंतु ती कुठे आहे आणि तिच्याशी संपर्क कसा साधायचा हे विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यातच सांगणे हे विभागप्रमुखाचे काम आहे. तालीम किती वाजता संपेल आणि मुलींच्या परतण्याची व्यवस्था काय, हेही लेखी असावे.

शेवटी एक सूचना, जी अनेकांना रुचणार नाही. प्रमुखपदाच्या पहिल्या वर्षी विभागाचे मुख्य नाटक आपण स्वतः बसवू नये. दिग्दर्शकाला अंतिम शब्द आपलाच असण्याची सवय झालेली असते आणि ती सवय घेऊन खुर्चीत बसले की सहकारी एक तर गप्प होतात, नाही तर दुरावतात. एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याला ते नाटक द्यावे, त्याला पैसा आणि दालन मिळवून द्यावे, आणि तालमीत बोलावल्याशिवाय जाऊ नये.

प्रश्न: मी दोन वर्षांपूर्वी नाट्यविभागात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाले. मला मार्गदर्शक म्हणून विभागप्रमुखच नेमले आहेत. त्यांच्याविषयी आदर आहे, पण अडचणी मोकळेपणाने सांगता येत नाहीत. हा माझाच दोष आहे का?

उत्तर: नाही, दोष रचनेचा आहे. जी व्यक्ती आपल्या पदोन्नतीच्या अर्जावर अभिप्राय लिहिणार, तिच्याजवळ 'माझा आवाजाचा वर्ग नीट होत नाही' असे कोणीही सहज बोलणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांच्या मदतीने मार्गदर्शनाचे राष्ट्रीय अभियान उभारण्याची कल्पना आहे आणि तिच्यातला 'निवृत्त' हा भाग आपल्या उपयोगाचा आहे. निवृत्त माणसाला आपल्या गोपनीय अहवालाशी काही देणेघेणे नसते.

मात्र बाहेरचा मार्गदर्शक शोधताना एक अडचण आहे. महाराष्ट्रात विद्यापीठीय नाट्यविभाग मोजके असल्यामुळे एका विभागातले शिक्षक दुसऱ्या विभागात बहिःस्थ परीक्षक म्हणून जातात, निवड समित्यांवरही तीच नावे फिरतात. त्यामुळे शेजारच्या कलेकडे वळून पाहावे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्य, संगीत आणि नाट्य एकाच छताखाली शिकवले जातात. आपल्याकडेही संगीत किंवा नृत्य विभाग असेल, तर तिथल्या अनुभवी शिक्षिकेला रियाज, प्रात्यक्षिक परीक्षा आणि विद्यार्थ्यांचे रुसवेफुगवे हे सारे ओळखीचे असते.

त्यांना सत्रातून दोन-तीनदा आपला वर्ग पाहण्याची विनंती करावी आणि विद्यार्थ्यांसमोर काहीही न बोलण्याचे आधीच ठरवून घ्यावे. बोलणे दुसऱ्या दिवशी, चहावर व्हावे. आपल्या कार्यभाराचाही विषय त्यांच्यापाशी काढावा, कारण आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आठवड्याला 16 तासांचा आहे आणि संध्याकाळच्या तालमी त्यात धरल्या जातात की नाही, हे आपल्या विभागात अजून कोणी लेखी विचारले नसण्याची शक्यता आहे. तसे विचारणारा अर्ज विभागप्रमुखांमार्फतच जाईल, परंतु त्याचा मसुदा आधी या मार्गदर्शक बाईंना दाखवून घ्यावा.