आजीच्या नऊवारीचे जरीकाठ लेकीच्या परकर-पोलक्याला लावावेत की तयार लेस आणावी?

जुने काठच लावा. बाजारातली सोनेरी लेस बहुतेक वेळा प्लास्टिकच्या जरीची असते. ती पोरींच्या मानेला टोचते, आणि धुतल्यावर सुती परकर आटतो पण लेस आटत नाही, मग घेरभर चुण्या पडतात.

पण तुम्ही जे शेवटी जाता जाता विचारलंय, 'जरवाला वजनावर पैसे देतोय, देऊन टाकू का?', त्यासाठी मी लिहायला बसले. अजिबात देऊ नका.

आमच्याकडे हे झालंय. सासूबाई गेल्यावर त्यांचा लग्नातला शालू मोठ्या जाऊबाईंनी दारावर आलेल्या जरवाल्याला देऊन टाकला. ही माणसं जर जाळून आतली चांदी काढतात, साडीशी त्यांना काही घेणंदेणं नसतं. जाऊबाई आजही म्हणतात, "विरलाच होता, निदान चार पैसे तरी आले." विरलं होतं ते अंग! भरजरी काठाच्या वजनाने लगतचं रेशीम आधी फाटतं, काठ मात्र धड राहतो. त्या शालूचेही काठ धडच होते.

सासूबाईंची वांगी रंगाची नऊवारी माझ्या कपाटात होती म्हणून वाचली. तिचंही अंग गेलं होतं, म्हणून मी काठ सोडवले. निऱ्यांपाशी घासून घासून वरचं सोन्याचं पाणी गेलं होतं आणि खालची पांढरी चांदी दिसत होती. पदराजवळ तार सुटली होती, तिथे आत केशरी रेशमाचा धागा. प्लास्टिकच्या जरीत हे असं कधी दिसायचं नाही. ९ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, दोन्ही बाजू धरल्या तर १६ मीटरच्या वर काठ निघतो. त्यात माझ्या लेकीचा आणि दोन्ही पुतण्यांचा, म्हणजे जाऊबाईंच्याच मुलींचा, परकर झाला. दिवाळीत आल्यागेल्या प्रत्येकाने काठांना हात लावून पाहिला. जाऊबाई तेवढ्या गप्प होत्या.

काठ अगदी कडेला कापू नका. अंगाचं कापड बोटभर ठेवा आणि ते आत दुमडा. मागून मलमलीची पट्टी द्या, मलमल आधी भिजवून वाळवून घ्या. शिंपी 'मशीनवर दहा मिनिटांत होतं' म्हणेल, ऐकू नका. सुईने तार तुटते. हातशिलाईच घाला. कपाटात ठेवताना डांबरगोळी जरीला लागू देऊ नका.

हे सगळं साडी गेलेली असेल तरच. अंग चिमटीत धरून हलकेच ओढून बघा. टिकलं तर कात्री लावू नका, नेसा. उरलेला काठ खिडकीच्या पडद्यांना लावायचं मनात असेल तर ते काढून टाका, उन्हाने रेशीम कुजतं. लोडांना, उशांच्या अभ्र्यांना लावा.

आणि साडी मोडायची का हे एकटीने ठरवू नका. घरातल्या लेकीसुनांना आधी विचारा. जाऊबाईंनी मला एक फोन केला असता, तर त्या माणसाने दिले तेवढे पैसे मीच त्यांच्या हातावर ठेवले असते.