रात्री घरात पाणी शिरले, तर आधी काय करावे?

प्रश्न : आम्ही नाग नदीजवळच्या वस्तीत तळमजल्यावर राहतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, तेव्हा गुडघाभर पाण्यात, वीज गेलेली असताना, आम्ही कागदपत्रे शोधत होतो. सासूबाई सत्तरीच्या असून इन्सुलिन घेतात. बाजारात मिळणारा महागडा आपत्कालीन संच विकत घ्यावा का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : संचाची गरज नाही. आपली कागदपत्रे घरातच होती, ती अंधारात सापडली नाहीत, एवढीच अडचण होती आणि ती पैसे खर्चून सुटणारी नाही. त्या रात्री अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अशा वेळी विचार करायला सवड मिळत नाही, म्हणून कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे घरातील सर्वांनी मिळून पावसाळ्यापूर्वीच ठरवून ठेवावे.

पाणी उंबरठ्याशी येताच, हात-पाय कोरडे असतील तरच, मेन स्विच बंद करावा. बोर्डापर्यंत पाण्यातून जावे लागत असेल, तर त्या वाटेला जाऊच नये. गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवावा, कारण संपत आलेला सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि नळी ओढली जाते. मग सर्वांत आधी सासूबाईंना वर न्यावे. वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशी हे आजच बोलून ठेवावे, रात्री दोन वाजता दार ठोठावताना संकोच नको. स्कूटर वाचवायला मात्र कोणीही खाली उतरू नये. वीतभर खोल वाहते पाणीही धडधाकट माणसाचा पाय उचलते आणि उघडे पडलेले गटार गढूळ पाण्यात दिसत नाही. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

आता पिशवीविषयी. मुलांची जुनी सॅक पुरेशी आहे. तिच्यात कागदपत्रे प्लास्टिकच्या पाकिटात घालावीत, औषधांची नावे व मात्रा लिहिलेला कागद, थोडी रोख रक्कम (नेटवर्क गेले की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत), फुटाणे, गूळ आणि सातूचे पीठ ठेवावे. टॉर्च असावा, पण सेल त्यात भरून ठेवू नयेत. ते पाझरतात, स्प्रिंग गंजते आणि ऐन वेळी टॉर्च लागत नाही. सेल त्याच्याच अंगाला रबराने बांधून ठेवावेत. ही सॅक दाराजवळ उंच खुंटीला टांगावी आणि ती कोठे आहे हे घरातील लहान मुलालाही ठाऊक असावे.

वीज दीर्घकाळ नसेल, तर इन्सुलिनची बाटली पाणी जाणार नाही अशा डब्यात घालून ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, सावलीत ठेवावी. ती बर्फाला थेट टेकवू नये. गोठलेले इन्सुलिन वापरण्याजोगे राहत नाही. पूर ओसरल्यावर जमिनीखालच्या टाकीतील पाणी उपसून टाकी स्वच्छ केल्याखेरीज वापरू नये आणि पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. जुलाब लागल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे. चमचा चहाचा घ्यावा, मीठ अंदाजाने टाकू नये.

प्रश्न : मे महिन्यात कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. हे धोक्याचे आहे का?
– एक वाचक, महाल

उत्तर : होय, आणि आजच इलेक्ट्रिशियनला बोलवावे. लोखंडी पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नीट नसले की वीज अंगावर उतरते, शिवाय टाकी भरताना जमीन ओली असतेच. आधी प्लग काढावा, मगच पाण्याची नळी लावावी. घरातील बोर्डावर विद्युतगळती होताच वीजप्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्यावा. आपत्कालीन तयारीत कूलरची गणना कोणी करत नाही, पण नागपूरच्या उन्हाळ्यात ती पहिली करावी.