दस्तात ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी अट निघाली, घर घ्यावं का?

प्रश्न : लॉस एंजेलिसच्या हॅन्कॉक पार्कमध्ये आम्ही 1926 सालचं ट्यूडर रिव्हायव्हल घर घेतोय. टायटलच्या, म्हणजे मालकीहक्काच्या, कागदांत अट निघाली, की नोकर सोडून गोऱ्यांखेरीज कुणीही इथे राहू नये. पुण्याहून सासरे म्हणतात, सौदा मोडा. आमच्या मालकीला धोका आहे का? समोरच्या लाकडी खिडक्याही बदलायच्या आहेत.

उत्तर : ताई, सौदा मोडू नका. सासऱ्यांचा राग रास्त आहे, पण त्या अटीत आता जीव नाही. अशा अटींची अंमलबजावणी कोर्टांनी करायची नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 साली शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात ठरवलं. 1953 मध्ये, लॉस एंजेलिसमधूनच गेलेल्या बॅरोज विरुद्ध जॅक्सन खटल्यात, अट मोडून घर विकणाऱ्याकडून भरपाई मागण्याची वाटही बंद झाली. 1968 च्या फेअर हाउसिंग ॲक्टने तर असा भेदभावच बेकायदा ठरवला.

त्या काळी मात्र तुम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं. 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात याच न्यायालयाने, हिंदुस्थानी माणूस नागरिकत्वासाठी ‘गोरा’ नाही, असा निकाल दिला होता. आणि 1948 मध्ये, शेलीचा निकाल लागल्यावरही, गायक नॅट किंग कोल याच वस्तीत राहायला आले तेव्हा शेजाऱ्यांनी विरोध केलाच.

मजकूर खटकत असेल तर काढता येतो. कॅलिफोर्नियात त्यासाठी ‘रिस्ट्रिक्टिव्ह कव्हनंट मॉडिफिकेशन’ (दस्तातल्या निर्बंधाच्या अटीत दुरुस्ती) नावाचा फॉर्म आहे. घर घेणाऱ्यालाही तो देता येतो, म्हणून एस्क्रो बंद होण्याआधीच, म्हणजे मध्यस्थाकडे ठेवलेले पैसे आणि कागद हाती पडून सौदा पुरा होण्याआधीच, मालकीचे कागद तपासणाऱ्या टायटल कंपनीला मदत मागा. अट माहीत असताना त्यांना मदत नाकारता येत नाही. फॉर्मसोबत मूळ दस्ताची प्रत जोडायची, भेदभावाची ओळ खोडून. काउंटीचे वकील तीन महिन्यांच्या आत निर्णय कळवतात. खोडायचं ते तेवढंच. रस्त्यापासून किती अंतर सोडायचं, एकाच कुटुंबाचं घर असावं, अशा बाकीच्या अटी त्याच दस्तात असतील तर त्या अजून लागू असू शकतात. पूर्ण दस्त मागवून वाचा.

खिडक्यांचं थोडक्यात : ही वस्ती शहराच्या वारसा-संरक्षण क्षेत्रात, म्हणजे एचपीओझेडमध्ये येते. घराच्या आत काय करता याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, पण रस्त्यावरून दिसणाऱ्या भागाला हात लावण्याआधी नियोजन विभागाची मंजुरी लागते. प्लॅस्टिकच्या खिडक्या विसरा. लाकडाच्या दुरुस्तीला मंजुरी सहज मिळते. आधीच्या मालकाने परवानगीशिवाय काही बदललं असेल, तर ते निस्तरणं तुमच्या गळ्यात येईल. विक्रेत्याच्या खुलासापत्रकात विनापरवाना बदलांचा प्रश्न असतो, त्याचं उत्तर वाचल्याशिवाय सही करू नका.