फलकावरचा हिरवा रंग

प्रश्न : आमच्याकडे फतेगंजच्या रस्त्यावर एका तेल कंपनीचा भला मोठा फलक लागला आहे. पवनचक्क्या, हिरवेगार शेत आणि खाली ‘आमच्या कारखान्यांचे उत्सर्जन निव्वळ शून्य करणार’ अशी ओळ. कंपनी तर पेट्रोल-डिझेलच विकते. मग हा दावा खोटा मानावा काय?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ‘निव्वळ शून्य’ म्हणजे जेवढे हरितगृह वायू हवेत सोडले, तेवढेच हवेतून काढून घेणे. दावा खोटा असेलच असे नाही, पण हिशेब अर्धाच मांडलेला आहे. कंपनीच्या भट्ट्यांतून व मशालींतून (नको असलेला वायू जाळणाऱ्या उंच धुराड्यांतून) निघणारा वायू, तिने विकत घेतलेल्या विजेमागचे उत्सर्जन आणि तिचे इंधन गिऱ्हाइकाने जाळल्यावर होणारे उत्सर्जन अशी ही तीन निरनिराळी खाती असून, तेलाच्या बाबतीत साधारण चार पंचमांश किंवा त्याहूनही अधिक भार तिसऱ्या खात्यावर पडतो. आपला फलक पहिल्या दोन खात्यांविषयीच बोलतो. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, परंतु जळताना त्यातील कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेत असल्यामुळे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे स्कूटरच्या पाच लिटरच्या टाकीमागे साडेअकरा किलो, आणि त्याचा फलकावर उल्लेखही नाही.

‘उत्सर्जन-तीव्रता घटवली’ असे वाक्य दिसले तर अधिकच सावध राहावे. तीव्रता म्हणजे विकलेल्या ऊर्जेच्या दर एककामागचे उत्सर्जन; ती घटत असतानाही विक्री पुरेशी वाढली, तर एकूण उत्सर्जन वाढू शकते.

उद्दिष्टांचेही तसेच. बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने २०२० मध्ये तेल-वायूचे उत्पादन २०३० पर्यंत ४० टक्क्यांनी घटवण्याचे जाहीर केले, २०२३ मध्ये तो आकडा २५ टक्क्यांवर आणला आणि २०२५ मध्ये उलट तेल-वायूतील गुंतवणूक वाढवण्याचे धोरण स्वीकारले. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने जून २०२३ मध्ये शेल, रेप्सोल व पेट्रोनास या तेल कंपन्यांच्या काही जाहिराती रोखल्या. हरित कामे ठळक दाखवताना मुख्य धंदा तेल-वायूचाच आहे, ही बाब त्यांत झाकली गेली होती, हे त्यामागचे कारण. आपल्या फलकालाही ते चपखल लागू पडते.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर २०२४ पासून आहेत. भविष्याविषयीचा पर्यावरणीय दावा करायचा, तर तो कसा पूर्ण होणार याची स्पष्ट योजना तयार असली पाहिजे, असे ती सांगतात. तेव्हा फलकाचे छायाचित्र घ्यावे, कंपनीच्या वार्षिक अहवालात अशी योजना आहे का ते तपासावे, आणि नसल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.