कप मी धुते, तुम्ही बसा

"इतकी वर्षं प्रार्थना करतेय, उपास धरतेय, पण मी आहे तिथंच आहे. माझा विश्वासच खोटा आहे का हो?"

फतेगंजमधल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत हे वाक्य किती जणांनी उच्चारलं, ते मोजणं मी सोडून दिलंय. चर्चच्या पंचांनी, संडे स्कूलच्या शिक्षिकांनी, एकदा तर एका पाळकांच्या पत्नीनं. म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून.

ताई पन्नाशीच्या. माहेर नगरकडचं. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी वडोदऱ्याला आल्या आणि इथल्याच झाल्या. बोलता बोलता गुजराती 'चालशे' येतंच. उपासनेनंतरचा चहा, नाताळचं नाटुकलं, आजाऱ्यांचे डबे, सगळं यांच्याकडे. मंडळीत कुणालाही विचारा, "देवमाणूस हो!"

तर हा देवमाणूस माझ्यासमोर बसून म्हणाला, "मला सगळ्यांचा राग येतो, मॅडम. डबा पोचवते आणि जिना उतरताना त्याच माणसाच्या नावानं बोटं मोडते."

आणि राग जावा म्हणून त्या काय करायच्या? आणखी एक डबा वाढवायच्या.

येशू घरी आला तेव्हा कामातच गुंतलेल्या बायबलमधल्या मार्थेचं, मरीयेच्या बहिणीचं, नाव मी काढणार, तोच त्यांनी हात वर केला. "मार्था नको. दहा प्रवचनं ऐकलीत. मरीया पायाशी बसली, छान. पण स्वैपाक कुणी केला?" मला हसू आलं. खरं सांगायचं तर उत्तरही नव्हतं.

आपल्या 'पश्चात्ताप' शब्दात तापच आहे, त्यामुळे आपण लगेच जळायला बसतो. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'मेतानोइया' आहे. मन पालटणं, पाहण्याची रीत पालटणं. ताई जळत भरपूर होत्या, पालटत नव्हत्या. कारण पालटायचं ते आपल्या दोषांमध्ये, अशी त्यांची खात्री होती. राग, चिडचिड, मत्सर, अशी वहीत यादीसुद्धा होती. गुणांकडे कोण संशयानं बघतं?

मी येणाऱ्याला चहा देते. आमच्यातले काही जण त्याला नाक मुरडतात, मुरडोत. भेट संपली की ताई दोन्ही कप उचलायच्या, बेसिनपाशी विसळायच्या, पालथे घालायच्या. पहिल्या भेटीत मला संकोच वाटला. तिसरीपर्यंत मी सोकावले होते. चौथ्या भेटीत मी म्हटलं, "ताई, आज कप मी धुते. तुम्ही बसा."

"राहू द्या हो, दोन तर कप आहेत."

"दोनच आहेत, म्हणूनच."

त्या अर्धवट उठल्या, परत बसल्या. माझी पाठ त्यांच्याकडे होती. नळाच्या आवाजात पर्सची चेन ऐकू येत होती. उघड, बंद, उघड, बंद. एरवी मिनिटाचं काम, मी मुद्दाम सावकाश केलं. वळले तर त्या रडत होत्या.

"मला नुसतं बसता येत नाही. बसलं की वाटतं, मग मी इथं कशाला आहे?"

मग आजारी आई आली, नऊ वर्षांची भाकरी थापणारी पोर आली, आणि 'गुणाची गं बाई' म्हणणाऱ्या शेजारणी. लहानपणीच्या ठशांना मी जरा जास्तच मानते, असं सहकारी म्हणतात. म्हणोत. त्या पोरीला एवढंच कळलं होतं की हात चालू आहेत तोवर आपली जागा आहे.

पुढचं मात्र मी सुचवलेलं नाही. डोळे पुसून त्या आपणहून म्हणाल्या, "पेत्राचं असंच झालं असेल. 'माझे पाय तू धुवायचे नाहीस.'"

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय. येशू आपल्या शिष्यांचे पाय धुतो, आणि पेत्र नको म्हणतो. तो वाचताना आपण सगळे पंचा कमरेला बांधूनच वाचतो. ताईंनी तो पहिल्यांदाच पाय पुढं करणाऱ्याच्या जागी बसून वाचला. 'मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही' हे पेत्राला, म्हणजे जवळच्या माणसाला ऐकवलंय. अशा वेळी गप्प बसणं हेच माझं कसब, आणि त्या दिवशी ते मला बरं जमलं.

पंडिता रमाबाईंचं बघा. बाप्तिस्मा 1883 सालचा, इंग्लंडमधला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. सेवा म्हणाल तर डोंगराएवढी. तरी त्यांनी लिहून ठेवलंय की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं. तेव्हा 'इतकी वर्षं' म्हणून कुणी स्वतःला बाद करू नये.

'मी बदलत नाही' असं वाटतंय ना? मग लोक तुमचं कौतुक कशासाठी करतात, तिथं आधी बघा. कुणी सेवा करून लपतं, कुणी वचनं पाठ म्हणून, कुणी सोशीकपणात. त्यातली एकच बारीक गोष्ट एक आठवडा दुसऱ्याला करू द्या. झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, तर आधी डॉक्टर. त्याला अविश्वास म्हणत नाहीत. आणि घरचे खूश होतील ही अपेक्षा नको. ताईंनी एका रविवारचा चहा सोडला तर दूध उतू गेलं, दोघी रुसल्या, नवऱ्यानं विचारलं, "बरं नाहीये का तुला?" पुढचे पंधरा दिवस राग कमी सोडाच, दुप्पट झाला. मी तो चांगला मानला. आता तो जिन्यात न राहता तोंडानं बाहेर पडत होता.

त्यांच्या मंडळीत पवित्र गुरुवारी पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. बादली, घंगाळ, टॉवेल ही व्यवस्था वर्षानुवर्षं ताईंची. यंदा त्या खुर्चीत बसल्या. रात्री साडेनऊला फोन आला.

"मॅडम, पाणी किती गार होतं हो! एवढी वर्षं मीच भरत होते, कोमट करावं असं कधी सुचलंच नाही."